घरातल्या फौजींची वही कशी करावी

आमच्या घरी पणजोबांचं पदक दर दसऱ्याला देवाच्या भांड्यांबरोबर चिंच-रांगोळीने घासलं जायचं. मायेनेच घासलं, पण कडेवर कोरलेला त्यांचा फौजेतला नंबर पार झिजून गेला. म्हणून आधी एवढंच सांगते, पदक घासू नका. मऊ कोरड्या कापडाने पुसा, सकाळच्या तिरप्या उन्हात धरा आणि भिंगातून कड वाचा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण बहुधा तिथेच असतं. पुढचं सगळं काम या नंबरावर चालतं.

मग ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक), पेन्शनचे कागद, जुनी पत्रं यांचे फोटो काढा. लॅमिनेशन मात्र नको, त्यात जुना कागद कायमचा अडकतो. पलटण मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगावच्या आणि महार रेजिमेंट असेल तर सागरच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर घालून पत्र लिहा. घर आमच्यासारखं सोलापूरकडचं असेल तर तिथल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करा.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये लढल्या. १०३ आणि ११० नंबरच्या पलटणी १९१५-१६ मध्ये तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या. तिकडून कुणी परतलं नसेल, तर युद्धात गेलेल्या सैनिकांच्या कबरी-स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. जिल्हा ‘शोलापूर’ असा घाला, इंग्रजीत तेव्हा तसंच लिहीत. सिद्राम, सिदराम, सिधराम अशी सगळी स्पेलिंगं घालून बघा. पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही सापडतं.

आजीपाशी मात्र आजच बसा. कागद पुढच्या महिन्यातही ट्रंकेत असतील. “आजोबा कसे होते?” विचारलं तर “लई शूर होते” एवढंच ऐकू येईल. मनीऑर्डर कोण आणायचं, पत्र कोण वाचून दाखवायचं, ७१ साली रेडिओ कुणाकडे होता, असं विचारा. माझी आजी म्हणाली, पोस्टमन दारावरून पुढे गेला की ती कडब्याच्या गंजीमागे जाऊन उभी राहायची, सासूला तोंड दिसू नये म्हणून. ते कुठल्या डिस्चार्ज बुकात असणार? म्हणून वहीत प्रत्येक फौजीसमोरचं पान त्याच्या आईचं किंवा बायकोचं ठेवा.

कागदावरून कळलेलं पेनाने लिहा, ऐकीव पेन्सिलने.

संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी सगळे घरी जमतात, आणि १४ जानेवारी हा माजी सैनिक दिनही आहे. त्या दुपारी वही मोठ्याने वाचा. चुकलेलं आत्या लगेच सांगेल; पेन्सिल हाताशी असू द्या.