नाशिक महापालिकेतील मुदती कशा मोजाव्यात आणि त्या बदलायच्या असल्यास कोणाचे दार ठोठवावे

नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. मधल्या जवळपास चार वर्षांत कारभार प्रशासकाकडे होता. या काळात निवेदने पुष्कळ दिली गेली. परंतु त्यांतील अनेक चुकीच्या कार्यालयात गेली, कारण कोणती मुदत कोणत्या कायद्यात आहे, हे आधी पाहण्याची आपल्याकडे फारशी सवय नाही. महापालिकेचे सभागृह, महापौर, स्थायी समिती आणि आयुक्त या चौघांच्या मुदती निरनिराळ्या आहेत आणि त्या बदलण्याचा अधिकारही एकाच ठिकाणी नाही.

प्रथम सभागृहाची मुदत मोजावी. संविधानाच्या अनुच्छेद २४३-यू नुसार ही मुदत पाच वर्षांची असून ती मतदानाच्या किंवा निकालाच्या दिवसापासून नव्हे, तर पहिल्या सभेसाठी ठरवलेल्या दिवसापासून सुरू होते. २०१७ मध्ये नाशिकचे मतदान २१ फेब्रुवारीला आणि मतमोजणी २३ फेब्रुवारीला झाली. मात्र पहिली सभा मार्चच्या मध्यावर झाल्याने मुदत मार्च २०२२ च्या मध्यापर्यंत चालली. म्हणून आताच्या सभागृहाची अखेरची तारीख काढायची असेल, तर पहिल्या सभेच्या सूचनापत्राची प्रत हाताशी असावी. ती शरणपूर रस्त्यावरील राजीव गांधी भवनातील नगरसचिव विभागाकडे असते. तोंडी विचारून मिळाली नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा लागतो आणि त्याचे शुल्क १० रुपये आहे. त्यामुळे महापौरांची मुदत, समित्यांची मुदत आणि प्रशासक काळातील ठराव असे सगळे एकाच अर्जात कोंबू नये. तसा अर्ज परत येण्याचीच शक्यता अधिक.

ही पाच वर्षे राज्य सरकारला किंवा महासभेला (म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेला) वाढवता येत नाहीत. सभागृह मुदतीपूर्वी बरखास्त झाले, तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते आणि नव्या सभागृहाला फक्त उरलेला काळ मिळतो. उरलेला काळच सहा महिन्यांहून कमी असेल, तर त्यासाठी वेगळी निवडणूक घेण्याची गरज नाही. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या नगरसेवकालाही उरलेल्या मुदतीवरच समाधान मानावे लागते. पूर्ण मुदत संपल्यानंतर मात्र निवडणूक कितीही उशिरा होवो, नव्या सभागृहाला संपूर्ण पाच वर्षे मिळतात. नाशिकचे चक्र बदलले ते याच वाटेने. निवडणूक वेळेवर झाली असती, तर त्यापुढची २०२७ च्या प्रारंभी, म्हणजे सिंहस्थाच्या तोंडावर आली असती. आता ती २०३१ च्या प्रारंभी येईल. कोणीही ठराव केला नाही, कोणीही कायदा बदलला नाही, तरी शहराचे निवडणूक-वर्ष बदलले, ही गोष्ट मला खटकते.

मतदारयाद्या किंवा प्रभागरचना यांची सबब सांगून निवडणूक लांबवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने किशनसिंग तोमर प्रकरणात २००६ सालीच बजावले होते. तरीही नाशिकमध्ये इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद आणि बदलती प्रभागरचना यांत वर्षे गेली. नगरसेवकांची संख्या १२२ वरून १३३ करण्याचे ठरले आणि सरकार बदलल्यावर ती पुन्हा १२२ झाली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि पुढे ३१ जानेवारी २०२६ ही अंतिम मर्यादा घातली. यावरून नागरिकाने एक व्यावहारिक बोध घ्यावा: मुदत संपण्याची वाट न पाहता, ती संपण्यापूर्वी वर्षभर तरी आधीपासून प्रभागरचनेच्या प्रारूपावर लक्ष ठेवावे. प्रारूप प्रसिद्ध झाले की हरकती व सूचनांसाठी मोजकेच दिवस मिळतात. हरकत लेखी द्यावी, प्रभागाचा क्रमांक व सीमेवरील रस्ता, नाला किंवा वसाहत नावानिशी लिहावी आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

महापौरांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची अडीच वर्षांची मुदत संविधानात नाही. ती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात आहे, म्हणून विधिमंडळ ती बदलू शकते. पूर्वी ती एकच वर्षाची असे. मार्च २०१७ मध्ये निवडलेल्या महापौरांची मुदत सप्टेंबर २०१९ मध्ये संपत होती. परंतु विधानसभा निवडणूक समोर असल्याने राज्य सरकारने ती वाढवली आणि नाशिकचे पुढचे महापौर २२ नोव्हेंबर २०१९ रोजी निवडले गेले. सभागृहाच्या बाबतीत जे अशक्य आहे, ते येथे सहज घडले. (पक्षांतर्गत ‘सव्वा-सव्वा वर्षा’ची वाटणी हा तिसराच प्रकार. तिला कायद्यात स्थान नाही; पदावरील व्यक्तीने स्वतःहून राजीनामा दिला, तरच ती अमलात येते.)

स्थायी समितीकडे नागरिकांचे लक्ष सर्वांत कमी असते, आणि वस्तुतः तेथेच ते सर्वाधिक हवे, कारण मोठ्या खर्चाचे प्रस्ताव तिच्यापुढे येतात. तिच्या सोळा सदस्यांपैकी निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. पहिल्या वर्षी कोणी बाहेर पडायचे, हे चिठ्ठ्या टाकून ठरते. सभापतीची मुदत वर्षभराचीच असते. सिंहस्थातील पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. महापौरांची पहिली अडीच वर्षे त्या पर्वाला पुरतील, पण स्थायी समितीतील आठ जण त्यापूर्वीच, २०२७ च्या आरंभी बदललेले असतील. कामांचा पाठपुरावा करणाऱ्यांनी म्हणूनच एकट्या सभापतींवर विसंबू नये. पुढील वर्षी राहणाऱ्या सदस्यांनाही पत्राची प्रत द्यावी.

आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. कायद्यात एका वेळी तीन वर्षांपर्यंतची मुदत असली, तरी बदली कधीही होऊ शकते. एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश जणांनी ठराव संमत केल्यास आयुक्तांना परत बोलावणे सरकारवर बंधनकारक ठरते. १२२ च्या सभागृहात हा आकडा ७७ होतो.

आता निवेदनाविषयी. महापौरपद पाच वर्षांचे करावे किंवा स्थायी समितीची निवृत्ती दोन वर्षांनी व्हावी, अशी मागणी असेल, तर निवेदन राज्याच्या नगरविकास विभागाला व आपल्या आमदारांना द्यावे. अशी शिफारस करणारा ठराव महासभेने केल्यास निवेदनाला वजन येते, परंतु ठरावाने कायदा बदलत नाही. सभागृहाची पाच वर्षे बदलायची असल्यास विषय संसदेचा आहे, आणि तेथे आमदारांऐवजी खासदारांना लिहावे. ‘एक देश, एक निवडणूक’ या चर्चेचा दाखला येथे जपून द्यावा: लोकसभा-विधानसभांनंतर शंभर दिवसांत स्थानिक निवडणुका घेण्याची शिफारस उच्चस्तरीय समितीने मार्च २०२४ मध्ये केली असली, तरी डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या घटनादुरुस्ती विधेयकात स्थानिक संस्थांचा समावेश नाही. मतदानाची तारीख, मतदारयादी किंवा आचारसंहिता यांविषयीचे पत्र मात्र यांपैकी कोणालाही न पाठवता थेट राज्य निवडणूक आयोगाला पाठवावे. भारत निवडणूक आयोगाकडे पाठवलेले असे पत्र योग्य कार्यालयात पोहोचेपर्यंत हरकतींची मुदत उलटून गेलेली असते.