अ‍ॅम्बॅसेडरचे जुने १४८९ सीसी इंजिन : या चुका टाळा

जुनी अ‍ॅम्बॅसेडर पिकअप घेत नाही म्हटले की बहुतेक गॅरेजमध्ये पहिला हात कार्बोरेटरला जातो, आणि चुकांची सुरुवात तिथूनच होते. बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) ‘बी’ मालिकेतले हे पेट्रोल इंजिन अत्यंत साधे आहे. बिडाचा ब्लॉक, बिडाचेच हेड, पुशरॉडने चालणारे आठ व्हॉल्व्ह, ७३ मिमी बोअर, ८८.९ मिमी स्ट्रोक आणि क्रँकला केवळ तीन मेन बेअरिंग. लांब स्ट्रोकमुळे ते कमी वेगातही भरलेली गाडी ओढते. मात्र बेअरिंग तीनच असल्याने त्याला सतत जास्त वेगात पिळलेले सोसत नाही. चुकीच्या सेटिंगवरही ते चालत राहते, म्हणून कोणीही स्क्रू फिरवून पाहतो. आधी व्हॉल्व्ह, मग स्पार्क, शेवटी पेट्रोल हा क्रम मात्र मोडू नये.

टॅपेट आवाज करीत नाहीत म्हणून समाधान मानणे ही पहिली चूक. देशभर १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल आले. शिशामुळे व्हॉल्व्ह-सीटला, म्हणजे हेडमध्ये व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेला, मिळणारे संरक्षण तेव्हापासून गेले आणि मूळ बिडाच्या सीटा, विशेषतः सतत जोरात चालणाऱ्या गाडीत, झिजू लागल्या. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा भाग यांतली जागा, कमी होते आणि इंजिन उलट शांत वाटू लागते. पुढे व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा होतो आणि जळतो. या इंजिनाचे टॅपेट थोडे वाजलेलेच बरे. फट तपासताना नऊची बेरीज लक्षात ठेवावी : पहिला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना आठवा लावायचा, तिसरा उघडा असताना सहावा, म्हणजे दोन्ही आकडे मिळून नऊ व्हायला हवेत. हेड उतरवण्याची वेळ आलीच, तर एग्झॉस्टच्या बाजूला कठीण धातूच्या सीटा बसवून घ्याव्यात.

स्पार्कच्या बाबतीत माझाच अनुभव सांगतो. चाळीसगावहून कन्नडकडे येताना आमची गाडी घाटात उकळली. मिस्त्रींनी रेडिएटर उतरवला, धुतला, परत चढवला. पुढच्या महिन्यात त्याच चढावर गाडी पुन्हा उकळली. दोष होता डिस्ट्रिब्यूटरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने स्पार्क पोहोचवणाऱ्या भागात. त्यातल्या पॉइंटची (उघडझाप करून स्पार्क पाडणाऱ्या संपर्काची) फायबरची टाच झिजून फट जवळजवळ मिटली होती, त्यामुळे स्पार्क उशिरा पडत होता आणि जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्च व्हायची ती इंजिनात आणि एग्झॉस्टमध्ये उतरत होती. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी असावी. फिलर गेज सापडत नाही म्हणून अनेक जण हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा वापरतात. त्याची जाडी साधारण ०.६५ मिमी असते, म्हणजे या इंजिनाच्या प्लगला ते योगायोगाने बरोबर बसते, पण पॉइंटला फार होते. फट बदलली की टायमिंगही बदलते, त्यामुळे टायमिंग नेहमी फट लावल्यानंतरच लावावे.

एवढे झाल्यावर कार्बोरेटर. एसयू बनावटीच्या कार्बोरेटरमध्ये त्याचा स्वतःचा पिस्टन हवेच्या ओढीनुसार वर-खाली होतो आणि त्याची सुई जेटमधले पेट्रोल कमी-जास्त करते. पिस्टनच्या पोकळ दांड्यात पातळ ऑइल लागते. ते आटले की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर गुदमरते, आणि हे न कळल्याने जेटचा नट फिरवला जातो. मिश्रण तपासणे सोपे आहे. इंजिन गरम आणि स्लोवर असताना कार्बोरेटरचा हा पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलावा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडू लागले तर कमी, आणि किंचित वाढून पुन्हा पूर्ववत झाला तर सेटिंग ठीक आहे.

आता पाण्याकडे वळू, कारण मराठवाड्यात बहुतेक इंजिने इथेच मार खातात. काळ्या खडकातल्या बोअरवेलचे पाणी क्षारयुक्त असते. पाणी तापवायच्या रॉडवर जो पांढरा थर चढतो, तोच ब्लॉकच्या आत चढतो, आणि सुटलेला गाळ मागे, चौथ्या सिलिंडरभोवती साचतो. रेडिएटर कितीही स्वच्छ केला तरी हा गाळ हलत नाही. ब्लॉकची ड्रेनची तोटी उघडून पाहावी. पाणी आले नाही तर आत तार घालून ती मोकळी करावी. नंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच भरावे. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. थर्मोस्टॅट ठीक असेल तर गरम झाल्यावर तो पूर्ण उघडतोच. तो काढल्याने डिसेंबरच्या सकाळी इंजिन बराच वेळ थंड राहते, चोक लांबतो आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल पेट्रोलने धुतले जाते. रेडिएटरची सैल टोपीही दुर्लक्षू नये, कारण प्रत्येक पीएसआय दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वाढतो. उकळलेल्या इंजिनात लगेच गार पाणी ओतले तर बिडाच्या हेडला तडा जाऊ शकतो, शिवाय उसळलेल्या वाफेने हात भाजतो.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थोडे ऑइल ठिबकले म्हणून इंजिन काम काढू नये. मागच्या बाजूला आजच्यासारखे रबरी सील नसून ऑइल परत फिरवणारे आटे आहेत. ब्रीदर (इंजिनातला वायू बाहेर सोडणारी नळी) तुंबला किंवा ऑइल खुणेच्या वर भरले की गळती वाढते. ते आधी पाहावे.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबर फुगते आणि कडक होते, त्यामुळे पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा डायाफ्राम इथेनॉल सोसणारेच घ्यावेत. पाइपवर चीर दिसली तर त्याच दिवशी तो बदलावा. या इंजिनात कार्बोरेटर आणि एग्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, आणि गळलेले पेट्रोल थेट तापलेल्या मॅनिफोल्डवर पडते.