जोड जुळायला हवा, पण आधी ब्लॉक बसायला हवा

क्विल्टसाठी तुकडे जोडून जो चौकोन शिवतात तो ब्लॉक, आणि त्यात शिवणी एकमेकींना भेटतात तो जोड. माझ्या पहिल्या नऊ तुकड्यांच्या ब्लॉकचे चारही जोड काट्यावर जुळले होते. चार वेळा उसवून, चिमटीत ओढून जुळवलेले. बेळगावजवळच्या खानापुरात आमच्या गल्लीत एक आज्जी राहतात, त्यांनी जन्मभर वाकळा शिवल्या आहेत. मोठ्या हौसेने त्यांच्याकडे घेऊन गेले. आज्जींनी तो फरशीवर ठेवला, तळव्याने एकदा चेपला आणि हात उचलला. मधलं कापड पुरीसारखं परत वर आलं. "जुळलंय चांगलं, पण हे बसंना की गं," त्या म्हणाल्या.

नव्याने क्विल्ट शिकणाऱ्या मुली मला विचारतात की जोड आधी साधायचा की सपाटपणा. माझं उत्तर त्या दुपारपासून बदललेलं नाही. आधी सपाटपणा. जोड त्याच्या मागून येतो, आणि बहुतेक वेळा आपोआप येतो. कारण दोन्ही बिघडतात ते एकाच ठिकाणी, मार्जिनमध्ये, म्हणजे शिवणीपासून कडेपर्यंत सोडलेल्या कापडात.

हिशेब करून बघा. 2.5 इंचांचे नऊ चौकोन कापले आणि सगळीकडे पाव इंच मार्जिन धरलं, तर ब्लॉक 6.5 इंच भरतो. एका ओळीत दोन शिवणी. प्रत्येक शिवण दोन्ही बाजूंचं कापड खाते, म्हणजे चार मार्जिनं. शिवण नुसती 1/16 इंच आत गेली, तरी चार वेळा मिळून पाव इंच कमी होतो. असे आठ ब्लॉक शेजारी लावले की दोन इंच गेले. आणि सगळीकडे सारखंच कमी झालं तर एक वेळ चालेल, पण नवशिक्या हाताचं तसं होत नाही. एक ओळ 6.5 इंच भरते, दुसरी 6.25. मग जोड जुळावेत म्हणून आपण आखूड ओळ ओढतो. ओढलेलं कापड शिवताना गप्प राहतं, मशीनवरून उतरल्यावर आकसतं आणि शेजारच्या ओळीला फुगवतं. माझ्या ब्लॉकचं हेच झालं होतं.

म्हणून पहिल्या आठवड्यात ब्लॉक शिवूच नका. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर 1 इंच भरली पाहिजे. कमी भरली तर मार्जिन जास्त जातंय. आपल्याकडच्या पायमशीनच्या प्रेशर फूटची कड म्हणजे पाव इंच, असं धरून चालू नका, प्रत्येक मशीनचं वेगळं असतं. सुईपासून टेपने मोजून प्लेटवर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला लावून चालवा. मला ही पट्टी तीन वेळा सरकवावी लागली. इस्त्रीची घडीसुद्धा थोडं कापड खाते, त्यामुळे नेमका पाव इंच धरला तरी ब्लॉक किंचित कमी भरतो. पाव इंचाच्या एक दोरा अलीकडे, कडेच्या बाजूला शिवायचं, हे शेवटी हाताला कळलं.

आता जोडाचं. दोन ओळी एकमेकींवर ठेवण्याआधी वरच्या ओळीच्या शिवणी उजवीकडे दाबा, खालच्या ओळीच्या डावीकडे. मग दोन ओळी सुलट बाजू आत घेऊन ठेवल्या आणि जोडावर अंगठा-तर्जनी हलकी फिरवली की दोन्ही शिवणींचे उंचवटे एकमेकांना येऊन टेकतात. आधी बोटाखाली एक बारीक पायरी लागते, तुकडा किंचित सरकवला की ती नाहीशी होते. पायरी गेली म्हणजे जोड बसला. तिथेच टाचणी, शिवणीच्या अगदी शेजारी, थोडी तिरकी. डोळ्यांनी बघण्यापेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. संध्याकाळी वीज गेल्यावरही मी जोड लावले आहेत आणि ते जुळले आहेत.

दोन जोडांमधलं अंतर एका तुकड्यात दोऱ्याभर जास्त निघालं, तर लांब तुकडा खाली ठेवून शिवा. मशीनचे दाते खालचं कापड जरा जास्त ओढून घेतात, त्यात तेवढं मुरून जातं. पण फरक 1/8 इंचाच्या वर असेल तर मुरवायला जाऊ नका. आधीची शिवण उसवा, चूक तिथे आहे.

चार कोपरे भेटतात तिथे पाठीमागे गाठोडं होतं. त्यावर उपाय सोपा आहे. आडवी शिवण झाल्यावर पाठीमागे, मार्जिनमध्ये राहिलेल्या उभ्या शिवणीचे दोन-तीन टाके उसवा. मग चारही मार्जिनं भिरभिऱ्याच्या पात्यांसारखी एकाच दिशेने फिरवून दाबा. मधोमध चार इवलेसे चौकोन दिसतात आणि जोड चपटा होतो. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी तो ब्लॉक उलटाच भिंतीला लावून ठेवला होता.

इस्त्रीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण निम्मे ब्लॉक इथेच वाकडे होतात. आपला हात शर्टाच्या इस्त्रीला सरावलेला असतो. ब्लॉकवर इस्त्री ओढायची नाही. ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. आधी शिवण जशी आहे तशी बंद दाबा म्हणजे टाके कापडात बसतात, मग उलगडून एका बाजूला. त्रिकोण कापले असतील तर जास्तच जपा. उभा-आडवा धागा ताण सोसतो, उरेब म्हणजे तिरकी कापलेली कड सोसत नाही, एकदा खेचली गेली की परत येत नाही. त्रिकोणासाठी मी कापड कापण्याआधीच खळ लावते. आमच्याकडे भाताची पेज रोजची, ती गाळून पातळ करून फडक्याने लावायची आणि सुकल्यावर इस्त्री. क्विल्ट पुरी झाली की धुवून खळ काढून टाका, नाहीतर कपाटात झुरळं येतात. पावसाळ्यात मात्र हे काम मी बंद ठेवते. खानापूरच्या पावसात कापड सुकता सुकत नाही, आणि दमट कापड इस्त्रीखाली लगेच खेचलं जातं.

कापड कुठलं घ्यायचं? शिकताना साधं सुती, एकाच जाडीचं, आधी धुतलेलं. बेळगावच्या खडेबाजारात जाऊन एकाच दुकानातून चार रंग घ्या आणि तेवढ्यावर दहा ब्लॉक करा. आईची इरकल साडी आणि खणाचे तुकडे सगळ्यांच्या मनात असतात, माझ्याही होते. पण जुन्या इरकलीचं पोत धुवून धुवून मऊ झालेलं, खण कडक आणि सुळसुळीत. दोन्हीचा ताण वेगळा, त्यामुळे बिनचूक मार्जिन धरूनही ब्लॉक वाकतो. हे कापड सहा महिन्यांनी काढा. ते कापायला हात थरथरणार नाही इतकी तयारी आधी होऊ द्या.

आणि तरीही कधीकधी निवडावंच लागतं: जोड दोऱ्याभर चुकलाय, पण ब्लॉक सपाट आहे. उसवू का? माझा नियम दोन वेळांचा. तिसऱ्यांदा उसवलं की कड विरते, कापड सैल पडतं आणि होता तो सपाटपणाही जातो. दोऱ्याभर चुकलेला जोड वरून धावदोरा पडल्यावर सापडत नाही. फुगलेला ब्लॉक मात्र धावदोऱ्याने बसत नाही, तिथे चुणी पडते आणि ती अंथरुणावर लांबून दिसते. अपवाद एकच धरते. चांदणीचं टोक, किंवा गडद-फिक्या चौकोनांचा मधला जोड, जिथे नजर थेट जाते, तिथे मी तिसऱ्यांदाही उसवते. पण मग तो तुकडा नवा कापून घेते.

आपल्या भागात याचं मोठं शिक्षण डोळ्यांसमोर आहे. खानापूरच्या पलीकडे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या, मूळ आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. त्यात आधी ब्लॉक जोडून घेणं नसतं. साडीच्या अस्तरावर एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, तुकड्यांच्या कडा आत दुमडत, कडेकडेने फिरत मध्याकडे यायचं, आणि धावदोरा तेव्हाच सगळ्या थरांतून घालत जायचा. शेवटी चार कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणांची फुलं. तिथे जोड जुळवण्याचा प्रश्नच येत नाही, पण कापड सपाट आहे की नाही हे प्रत्येक टाक्याला हाताने बघावं लागतं. आपल्या वाकळीचं आणि कानडी घरांतल्या कौदीचंही तेच. मशीनवरचे ब्लॉक शिकण्याआधी किंवा सोबतीने, हाताने एक लहान वाकळ शिवा. बाळाच्या दुपट्याएवढी पुरे. डाव्या तळव्याखाली कापड कधी ताणलंय आणि कधी निवांत पडलंय, हे मला तिथे कळलं, मोजपट्टीवर नाही.

ऑर्डर घ्यायची असेल तर निदान बारा ब्लॉक एकाच मापाचे निघेपर्यंत थांबा. प्रत्येक ब्लॉकच्या मागे खडूने माप आणि तारीख लिहा. माझे पहिले बारा 6.25 ते 6.5 मध्ये कुठेही भरत होते. चौथ्या महिन्यात सगळे 6.5 आले, आणि त्यांची ओळ लावताना टाचण्या जवळजवळ लागल्याच नाहीत. ती ओळ घेऊन मी पुन्हा आज्जींकडे गेले. त्यांनी फरशीवर पसरली, तळव्याने चेपली, हात उचलला. कापड तसंच पडून राहिलं. मग त्यांनी चष्मा मागितला आणि एकेक जोड बघायला लागल्या.