रसग्रहणाचे गुण वाढले, पण कविता कळली का? कृतिसंशोधनातल्या या चुका टाळा

दहावीच्या मुलांचं रसग्रहण हा बी.एड.च्या कृतिसंशोधनातला, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गावर करायच्या छोट्या संशोधनातला, हुकमी विषय. पूर्वचाचणी, महिनाभर उपक्रम, उत्तरचाचणी. सरासरी वाढली की अहवाल तयार. मीही असा अहवाल लिहिलाय. नंतर त्याच उत्तरपत्रिका निवांत वाचल्या, तेव्हा लक्षात आलं की मुलं कविता वाचायला नाही, माझा गुणदान तक्ता भरायला शिकली होती.

घोळ तक्त्यातच होता. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे रकाने पाडले की गाइडची भाषा आयते गुण घेऊन जाते. ‘समर्पक प्रतिमांमुळे कविता हृदयस्पर्शी झाली आहे’ हे वाक्य कुठल्याही कवितेला चिकटतं. म्हणून कवितेचं नाव झाकून वाक्य वाचा. दुसऱ्या कवितेलाही चालत असेल, तर विश्लेषणाचा गुण देऊ नका. रकान्यांऐवजी पायऱ्या ठरवा: अर्थ सांगितला, अलंकार ओळखला, नेमक्या शब्दावर बोट ठेवलं, त्या शब्दाने काय साधलं ते सांगितलं. बालकवींच्या ‘औदुंबर’मध्ये चेतनगुणोक्ती आहे असं लिहिणारा दुसऱ्या पायरीवर. ‘झाड पाण्यात पाय टाकून बसलंय म्हणून ते एकट्या माणसासारखं वाटतं’ असं लिहिणारी चौथ्या पायरीवर, मग तिचं ऱ्हस्व-दीर्घ कितीही चुको. शुद्धलेखन मोजायचंच असेल तर वेगळं मोजा.

याच कवितेच्या आठ ओळींवर समीक्षकांचं अजून एकमत नाही. तिथे आपण एकच नमुना उत्तर घेऊन तपासायला बसतो!

दुसरी चूक चाचणीच्या रचनेतली. दोन्ही वेळा तीच कविता दिली तर सरावाने गुण वाढतात. वेगळी दिली तर ती सोपी निघाली की काय, ही शंका राहते. दोन कविता घ्या, वर्गाचे दोन गट करा आणि उत्तरचाचणीत कवितांची अदलाबदल करा.

कोणती उत्तरपत्रिका आधीची, कोणती नंतरची हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावं झाकून विद्यार्थ्यांना कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिक्रियांवर 1929 मध्ये पुस्तक काढलं. इथे झाकायची नावं मुलांची, आणि तारखाही. सगळ्या उत्तरपत्रिका एकत्र पिसून मगच तपासा. हस्ताक्षर ओळखू येत असेल तर टाइप करून घ्या. कंटाळवाणं आहे, पण करा.

आता अहवालातलं ‘दोन परीक्षकांत 75 टक्के एकमत’ हे वाक्य. समजा, 40 उत्तरांत ‘विश्लेषण आहे’ यावर दोघं 28 वेळा आणि ‘नाही’ यावर 2 वेळा जुळले. उरलेल्या 10 मध्ये पाच-पाच उलटसुलट. टक्केवारी 75. पण दोघंही 33 उत्तरांना ‘आहे’ म्हणतात, तेव्हा नुसत्या योगायोगानेच सुमारे 71 टक्के जुळणी होते. कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोगाची जुळणी वगळून खरं एकमत मोजणारा आकडा (0 म्हणजे नुसता योगायोग, 1 म्हणजे पूर्ण एकमत), काढला तर जेमतेम 0.13 येतो. अशा वेळी आकडा लपवू नका. न जुळलेली ती 10 उत्तरं दोघांनी समोरासमोर बसून वाचा, पायऱ्यांची व्याख्या दुरुस्त करा आणि पुन्हा सगळं स्वतंत्रपणे तपासा. माझ्या अनुभवात भांडण बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीवरच होतं: मुलाने ओळ नुसती उतरवली, की खरंच तिच्यावर बोट ठेवलं?