टाय-डायचा छंद धंद्यात उतरवताय? या चुका टाळा

"ताई, तुमच्या टी-शर्टनं पूर्ण बाल्टीभर कपडे गुलाबी करून टाकले नं!" टाय-डाय, म्हणजे गाठी बांधून रंगवलेले कपडे, विकायला लागलं की पहिली तक्रार बहुधा हीच येते. चक्र जरा वाकडं आलं म्हणून कोणी टी-शर्ट परत करत नाही, रंग गेला की करतात. तरी नवशिक्यांचा सगळा जीव गाठींच्या नवनव्या प्रकारांत अडकलेला असतो. कापड कुठलं, रंग कुठला आणि धुतलं कसं, हे आधी पक्कं करा. गाठी नंतरही शिकता येतात.

"प्युअर कॉटन आहे ताई"

नागपुरात गांधीबागेत किंवा इतवारीत ठोक भावात टी-शर्ट मिळतात आणि दुकानदाराच्या शब्दावर शंभर नग उचलले जातात. तसं करू नका. एक नग घ्या, आतल्या बाजूनं कापडाची बारीक पट्टी कापून चिमट्यात धरून जाळा. सुती कापड कागदासारखं जळून भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी बनतो. (शिलाईचा दोरा जाळून बघू नका. तो बहुतेक वेळा पॉलिस्टरचाच असतो. म्हणूनच रंगवल्यावर शिवण पांढरी दिसते. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेवा.) मिश्र कापडावर रंग फक्त सुती भागाला धरतो, त्यामुळे लाल मागितला तर फिका गुलाबी हाती येतो.

शंभर टक्के सुती असूनही ठिपके-ठिपके राहत असतील तर कापडावर कांजी किंवा सॉफ्टनर आहे. गरम पाण्यात साबण आणि थोडा सोडा अॅश टाकून आधी धुवा. मोठी खरेदी करताना 'आरएफडी' माल मागा, म्हणजे रंगवण्यासाठी तयार केलेला, सॉफ्टनर न लावलेला.

रंग आणि सोडा

किराणा दुकानातल्या छोट्या पुड्यांचे रंग घरच्या ओढणीला ठीक आहेत, विकायच्या मालाला नाहीत. सुती कापडाला रिअॅक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक क्रिया होऊन बसणारे, लागतात. त्यातही गट विचारून घ्या. एम गटातले, ज्यांना बाजारात 'कोल्ड' म्हणतात, ते खोलीच्या तापमानाला धरतात. एचई गटातल्यांना साधारण ८० अंश लागतात. ते गार पाण्यात वापरले तर सगळे धुण्यातच वाहून जातात, आणि दोष मात्र रंगाच्या कंपनीला दिला जातो.

रंग पक्का करतो तो सोडा अॅश, म्हणजे धुण्याचा सोडा. एका लिटर पाण्याला ५० ते ६० ग्रॅम, त्यात कापड १५–२० मिनिटं भिजवायचं. खाण्याचा सोडा इथं कमी पडतो. तुरटीचं काम नैसर्गिक रंगांत असतं. आणि 'व्हिनेगरमध्ये बुडवा, रंग पक्का होतो' हा सल्ला तर सुती कापडासाठी उलटाच आहे, कारण या रंगांना अल्कली हवी, आम्ल नको. पूड कालवताना मास्क लावा, ती श्वासातून आत जाणं चांगलं नाही. स्वयंपाकाची भांडी तर अजिबात वापरू नका.

नागपूरचं ऊन, नागपूरची थंडी

पुस्तकी कृतीत हे सापडत नाही. रंगाची क्रिया कापड ओलं असेपर्यंतच चालते. मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, उघडं ठेवलेलं कापड बघता बघता कोरडं होतं आणि क्रिया तिथंच थांबते. म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून सावलीत ठेवा. कालवलेला रंगही उन्हाळ्यात लवकर मरतो, त्यामुळे लागेल तेवढाच कालवा. डिसेंबर-जानेवारीत अडचण बदलते. रात्री पारा १० च्या आसपास आला की उन्हाळ्यात काही तासांत होणारं काम चोवीस तासांतही अर्धवट राहतं. पिशवी घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवा. टर्क्वॉइज निळा सगळ्यात हट्टी. त्याला ऊबही जास्त लागते आणि वेळही.

वाळत घालताना मात्र, उन्हाळा असो की हिवाळा, सावलीच बरी.

धुताना घाई नको

आधी गाठी न सोडता गार पाण्यात, सोडा आणि सुटा रंग निघेपर्यंत. मग गाठी सोडून पुन्हा गार पाणी. शेवटी ६० अंशांच्या वर गरम पाण्यात डिटर्जंट, पाणी नितळ होईपर्यंत. सुरुवातीलाच गरम पाण्यात टाकलं तर सुटा रंग पांढऱ्या जागेवर बसतो. बोरिंगचं पाणी जड असेल तर सोडा घातल्यावर कापडावर पांढरट थर येतो आणि रंग मंद दिसतात. केमिकलच्या दुकानातून सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट आणून रंगाच्या आणि सोड्याच्या पाण्यात थोडं घाला.

माल देण्याआधी ओला टी-शर्ट पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी पांढऱ्यावर डाग दिसला तर पुन्हा धुवा.

"डिट्टो तसाच पाहिजे"

हळदीच्या कार्यक्रमाला वीस सारखे पिवळे-केशरी टी-शर्ट, ही ऑर्डर येतेच. चमच्यानं मोजून रंग घेतला असेल तर दुसऱ्या खेपेला छटा जुळत नाही. ग्रॅमचा काटा घ्या, वहीत लिहा. केशरी आणि निळा शेजारी लावले तर मिसळून तपकिरी चिखल होतो, मध्ये मोकळी जागा ठेवा.

भाव

समजा टी-शर्ट १६०, रंग-सोडा २५, पाकीट-लेबल १५. झाले २००. म्हणून ३५० ला विकला की दीडशे सुटले असं वाटतं. पण दहात एक नग फसतो, त्याचे बावीसेक रुपये उरलेल्या प्रत्येक नगावर बसतात. तुमची पाऊण तासाची मेहनत तासाला १२० नं धरली तरी ९०. हाती राहिले अडतीस. त्यातून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या क्राफ्ट मेळ्यासारख्या ठिकाणी स्टॉल लावायचा म्हटलं तर तिथला खर्च आहे, आणि मैत्रिणीला 'आपल्यातला भाव' आहे. मैत्रिणींसाठी वेगळा भाव ठेवायचाच असेल तर आधी ठरवून ठेवा, तोंडावर नाही.

वस्तू विकणाऱ्यांना राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, पण राज्याबाहेर किंवा ऑनलाइन मंचावर विकायचं झालं की नियम वेगळे. सी.ए.ला आधी विचारा. उद्यम, म्हणजे लघुउद्योगांची नोंदणी, सरकारी पोर्टलवर मोफत होते. त्यासाठी हजार-दोन हजार मागणारी वेबसाइट सरकारी नसते.