दुपट्याचे पळणारे टाके

मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाला लाटांच्या नक्षीचं लोकरीचं दुपटं विणायचं ठरवलं आणि १५२ टाके घालून बसले. नक्षीचे १८ टाक्यांचे ८ भाग, शिवाय दोन्ही कडांना ४-४.

नक्षी चारच ओळींची. तीन साध्या, एक जाळीची. जाळीच्या ओळीत प्रत्येक भागात सहादा दोन टाके एकत्र विणायचे आणि सहादा सुईवर लोकरीचा वेढा घ्यायचा, म्हणजे हिशेब जुळतो. माझा जुळेना! कधी १५१, कधी १४९. तीनदा उसवलं, लोकर पार पिंजारली.

मग दर १८ टाक्यांनंतर सुईत रंगीत दोऱ्याचा फासा अडकवला. आता चूक त्या भागातच सापडते. शिवाय दर तीन नक्ष्यांनंतर साध्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून बोथट सुईने सुती दोरा ओवून ठेवला. उसवलं तरी तिथे थांबतं. (दोरा फाशांतून नेऊ नका. मी नेला, फासेच अडकले.) वेढा विसरल्याचं पुढच्याच ओळीत कळलं, तर दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून सुईवर घ्यायचा, उसवायला नको.

बारसं केव्हाच झालं. दुपटं पोचलं तेव्हा बाळ पालथं पडत होतं.