होर्डिंगवरचा तुकाराम वर्गात कसा घ्यायचा

आमच्या शाळेसमोर एलबीएस रोडवर मागे एका टॉवरचं भलंमोठं होर्डिंग लागलं होतं. बोरूने लिहिल्यासारखी अक्षरं, मागे पोथीचा पिवळट कागद, आणि वर ओळ, "वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें". खाली नॅशनल पार्क व्ह्यू, टू आणि थ्री बीएचके. नववीच्या वर्गात विचारलं ही ओळ कोणाकोणाला येते तर सगळे हात वर, आणि पुढची ओळ विचारली तर दोन. म्हटलं चला, तास इथूनच सुरू करू. तेव्हापासून दरवर्षी घेते, आठवी ते दहावी कुठेही चालतो, फक्त जोड तास मागून घ्या, पस्तीस मिनिटांत काही होत नाही.

सुरुवातीलाच एक सांगते, "ही बघा कशी फसवणूक आहे" असं म्हणून आत शिरू नका. मी पहिल्या वर्षी तेच केलं, चांगली दहा मिनिटं तावातावाने बोलले आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, माझ्या पप्पांनी तिथेच बुकिंग केलंय." वर्ग चिडीचूप. आता त्या पोराला काय सांगणार, तुझे पप्पा फसले म्हणून? तेव्हापासून फ्लॅट चांगला की वाईट हा विषयच काढत नाही. बोलायचं ते एवढंच की जाहिरातीने कोणाचं नाव उसनं घेतलं आणि घेताना काय मागे ठेवलं.

शाळेत मोबाईल चालत नाही, त्यामुळे होर्डिंगचा फोटो काढून कलर झेरॉक्स मारून आणा, चार-पाच पोरांत एक पुरते. पहिली पाच मिनिटं वाचायचं नाही, नुसतं बघायचं. मराठी अजिबात येत नसेल तर काय दिसेल ते वहीत लिहा म्हणायचं. मोरपीस, समई, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, वाफाळता चहा, आपल्याकडे पाठ करून मांडलेली पुस्तकं, मोडीतली दोन-चार अक्षरं असली काहीबाही यादी येते. मोडी वाचता येणारं वर्गात कोणी नसतं, मलाही धड येत नाही, पण ती दिसली की आपण जरा सावरून बसतो ना, तेवढ्यासाठीच ती तिथे असते.

मग फळ्यावर अख्खा अभंग लिहा. झेरॉक्स वाटू नका, फळ्यावरच लिहा आणि पोरांना उतरवून घ्यायला लावा, कारण हात चालला की डोळा थांबतो. "येणें सुखें रुचे एकांताचा वास" इथे कोणीतरी विचारतंच की बाई, चार विंग आणि पोडियम पार्किंगमध्ये एकांत कुठून आला. हसू द्या. खरी मजा पुढे आहे, "आकाश मंडप पृथिवी आसन". इथे मी खडू खाली ठेवते आणि विचारते, याच्या घराचा कारपेट एरिया किती? जरा वेळ जातो आणि मग एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडतो, अरे, याला घरच नाहीये! आभाळ हा मांडव आणि जमीन हे बसायला. पुढच्या ओळीत कंथा कमंडलू, कंथा म्हणजे गोधडी, म्हणजे अंगावर गोधडी आणि हातात कमंडलू एवढ्यावर भागतंय म्हणणारा हा माणूस, आणि त्याच्याच तोंडून आपण थ्री बीएचके विकतोय. घर विकायला घर नको म्हणणाऱ्याची ओळ!

आता इथे तास संपवला तर पोरं जाहिरातवाल्यांना मूर्ख ठरवून मोकळी होतात आणि ते चूक आहे. अरुण कोलटकर हे नाव सांगा, मुंबईच्या जाहिरात एजन्सीत आर्ट डायरेक्टर होते आणि आपल्या मोठ्या कवींपैकी एक. म्हणजे ज्याने ही ओळ उचलली त्याने अभंग पूर्ण वाचलेला असू शकतो, आणि वाचूनही पहिलीच ओळ घेतली, तिसरं कडवं सोडलं. का सोडलं हा प्रश्न पोरांना द्या. आणि त्याहून अवघड प्रश्न, मग तरीही ही जाहिरात आपल्याला आवडते का? मागे एका मुलीने सांगितलं, "बाई, ती ओळ वाचताना मला आजीचा आवाज ऐकू येतो." झालं की. आजीने इतकी वर्षं भजनात म्हणून त्या ओळीला जो विश्वास मिळवून दिला तो होर्डिंगला फुकटात मिळाला.

फुकटातवरून कॉपीराइटचं सांगून टाका. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर 60 वर्षं हक्क राहतो, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायची. केशवसुत 1905 ला गेले, ते केव्हाच मोकळे. कुसुमाग्रज 1999 ला गेले, म्हणजे 2059 संपेपर्यंत परवानगी घ्यावी लागणार. पोरांना गणित घालायला बरं पडतं, आणि जाहिरातींना संत इतके का आवडतात तेही कळतं, संतांचं बिल येत नाही. हे काही आपल्याकडेच नाही, अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन 1892 ला वारला आणि 2009 मध्ये लिव्हाइजने जीन्स विकायला त्याच्या कविता वापरल्या, एका जाहिरातीत तर त्याचाच समजला जाणारा जुना रेकॉर्ड केलेला आवाज लावला.

ओळीखाली नाव असेल तर ते तपासायचंच. पुलंच्या नावावर काय काय फिरतं ते व्हॉट्सॲपवर बघतोच आपण. माझा नियम सोपा आहे, पुस्तकाचं नाव आणि पान आणलं तर मार्क, नाहीतर शून्य. शाळेच्या लायब्ररीत नाही मिळालं तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात पाठवते, दोघातिघांना तरी तिथली पायरी चढावी लागते.

बारीक अक्षरं शेवटी. कवितेची ओळ हाताएवढी आणि "चित्र काल्पनिक आहे" मुंगीएवढं, दोन्ही पट्टीने मोजायला लावा, मिलिमीटरमध्ये. घराच्या जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर लागतो, ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडसुद्धा. तो घरी स्कॅन करून या म्हणायचं, जबरदस्ती नाही. बुकिंगवाल्या त्या मुलाने आपणहून केला होता आणि बापाला कारपेट एरिया काढून दाखवला होता.

दुसऱ्या तासाला उलटं करायचं. गटात एक जुनी ओळ आणि एक वस्तू, जाहिरात तुम्ही बनवा, आणि शेजारच्या गटाने सोडलेली ओळ शोधून काढायची. हा भाग सगळ्यात भारी जातो, आवाज वाढतो, शेजारच्या वर्गातले सर डोकावून जातात. गेल्या खेपेला एका गटाने क्रेडिट कार्ड घेतलं आणि पसायदानातलं "जो जे वांछील तो ते लाहो". फर्स्ट क्लास जाहिरात, सोनेरी अक्षरं, सगळं. दुसऱ्या गटातली पोरगी उठून फळ्याकडे गेली, पुढे राहिलेला "प्राणिजात" हा शब्द लिहिला, त्याच्या डोक्यावर एक चांदणी काढली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, अटी लागू.